चकती फेकायलाही डोकं लागतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांकडे अमेरिकेला गेलेल्या आईवडिलांनी तिथे दिवस कसे घालवावेत, यावर आपल्या रविवार पुरवणीत एक लेख आला आहे. पोथी वाचा, नातवंडांना बसपर्यंत सोडा, मंडळाच्या गणपतीत स्वयंपाकाला हात लावा, अशी बरीच यादी आहे. तिच्या अगदी तळाशी डिस्क गोल्फला दोन ओळी मिळाल्या आहेत. बागेत जाऊन चकत्या फेकाव्यात, पैसे पडत नाहीत आणि डोकंही लागत नाही, असा त्यांचा मथितार्थ. पैशांचं बहुतेक ठिकाणी खरं आहे. डोक्याचं साफ खोटं आहे, आणि ते कुणीतरी कळवायला हवं म्हणून हा पत्रप्रपंच.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कूलची निवृत्त क्रीडाशिक्षिका. खो-खो, लेझीम, संचलन, सगळं घेतलं, पण जीव थाळीफेकीत. लेक आणि जावई शार्लटला असतात, नॉर्थ कॅरोलायनात. तिकडे गेले की मी घरात स्वस्थ बसणार नाही हे लेकीला पक्कं ठाऊक. तिने जावयांसोबत मला सरळ हॉर्नेट्स नेस्ट पार्कला धाडलं. जावई हौशी खेळाडू, शनिवारी सकाळी खांद्याला पिशवी अडकवून निघणारे. पिशवीत चकत्याच चकत्या. एवढ्या चकत्या एका माणसाला कशाला लागतात हा माझा पहिला प्रश्न होता. त्याचं उत्तर पुढे येईलच.

ज्यांनी खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गोल्फसारखीच अठरा ठिकाणं, पण चेंडू नाही, काठी नाही आणि जमिनीत भोकही नाही. सिमेंटच्या छोट्या ओट्यावरून चकती फेकायची, जिथे पडेल तिथून पुढची फेकायची आणि कमीत कमी फेकींत ती बास्केटमध्ये घालायची. बास्केट म्हणजे लोखंडी खांब, त्याच्या माथ्यावरून लोंबणाऱ्या साखळ्या आणि खाली जाळीची टोपली. चकती साखळ्यांवर आदळते, तिचा जोर मरतो आणि ती टोपलीत पडते. तो खळ्ळकन आवाज एकदा कानात बसला की माणूस गेलाच म्हणून समजा. शार्लटकडे उंचच उंच पाइनची झाडं, महाबळेश्वरच्या वाटेवर असते तशी लाल माती, गवतात गोचिडी आणि झाडीत अंगाला खाज सुटवणारी तीन पानांची ती दुष्ट वेल. चकती शोधायला झुडपात शिरण्याआधी पानं बघायची, हे मला चकती धरायच्याही आधी शिकवलं गेलं.

इतिहासही ऐकून ठेवा, कारण ‘बागेतला टाइमपास’ म्हणणाऱ्यांना तो माहीत नसतो. 1975 साली कॅलिफोर्नियात, पासाडेनाजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिलं कायमचं मैदान झालं. ते आखणारे एड हेड्रिक हे फ्रिस्बी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीतले. साखळ्यांच्या बास्केटची कल्पनाही त्यांचीच. 2002 मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून त्याच्या चकत्या ओतल्या. आपल्याकडे कृष्णेच्या घाटावर हे कुणाला सांगितलं तर तो माझ्याकडेच संशयाने बघेल, पण खरं आहे. बारा वेळा जगज्जेता झालेला केन क्लाइमो याच खेळातला. पॉल मॅकबेथशी एका चकतीच्या कंपनीने 2021 मध्ये दहा वर्षांसाठी एक कोटी डॉलरचा करार केला. या मॅकबेथचं पहिलं जगज्जेतेपद 2012 मधलं, आणि ते शार्लटलाच. डोकं न लागणाऱ्या गोष्टीला कुणी कोटी डॉलर देत नाही. (राजकारण सोडून.)

पत्र लांबतंय याची कल्पना आहे. कापायचंच झालं तर वरचा परिच्छेद कापा, खालचे तंत्राचे कापू नका.

थाळीफेकीत आम्ही मुलींच्या डोक्यात एकच गोष्ट घोकून घोकून भरतो: हात लांब. थाळी अंगापासून जितकी दूर, तितका तिचा फेरा मोठा आणि सुटताना वेग जास्त. अडीच मीटरच्या वर्तुळात दीड गिरकी घ्यायची, कंबर पुढे गेली तरी हात मागे रेंगाळला पाहिजे. डिस्क गोल्फचा बॅकहँड लांबून तसाच दिसतो. खेळाडू पाठमोरा होतो, हात मागे नेतो, वळतो, सोडतो. त्यामुळे थाळी फेकलेल्या माणसाचा हात आपोआप लांब जातो आणि चकती छातीभोवती गोल फिरून येते. इथल्या लोकांत या गोल फिरवण्याला राउंडिंग म्हणतात, आणि थाळी कधी हातात न धरलेल्या निम्म्या नवशिक्यांनाही हाच रोग असतो.

रोग का, ते सांगते. चकती वर्तुळात फिरत असली की क्षणोक्षणी तिची दिशा बदलत असते. उजव्या हाताने टाकणाऱ्याची चकती पापणी लवायच्या आधी सुटली तर डावीकडे जाते, नंतर सुटली तर उजवीकडे. थाळीला हे चालून जातं, कारण तिच्यासमोर जवळजवळ पस्तीस अंशांचा मोकळा सेक्टर असतो. त्यात कुठेही पडली तरी अंतर मोजतात. इथे समोर दोन पाइन, त्यांच्यामध्ये दरवाजाएवढी फट, आणि त्या फटीतूनच जायचं. मग दिशा नशिबावर सोडून कसं चालेल?

हे माझ्या डोक्यात शिरलं ते व्हिडिओमुळे. नातीने माझ्या मागे उभं राहून, ओट्याच्या रेषेत मोबाइल धरून स्लो मोशनमध्ये घेतला होता. “आजी, तुझी डिस्क फोटोतून बाहेरच जाते गं,” एवढंच ती म्हणाली. खरंच चकती चौकटीबाहेर जात होती, पार डावीकडे, आणि वळसा घालून परत येत होती. त्यानंतर जावयांचे, शेजारच्यांचे, मोठ्या स्पर्धांतल्या खेळाडूंचेही व्हिडिओ असेच मागून पाहिले. चांगल्या खेळाडूची चकती चौकटीबाहेर जात नाही. ती मागून पुढे छातीलगत सरळ रेषेत येते. कोपर आधी पुढे येतं, काटकोनात मोडलेलं. चकती उजव्या छातीपाशी पोचते, आणि तिथून पुढे हाताचा खालचा भाग सपकन उलगडतो. फिरतं ते शरीर. चकती सरळच जाते. हात लांब होतो तो शेवटी, सुरुवातीला नाही. थाळीवाल्याने हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवावं.

क्रीडाशिक्षिकेला नुसतं कळून भागत नाही, तिला त्याचा व्यायाम बसवावा लागतो. परसात दोन खुर्च्यांना छातीच्या खालच्या उंचीवर सुतळी ताणून बांधली. चकती हातात धरून सुतळीच्या कडेकडेने न्यायची, अगदी सावकाश, आणि सुतळीपासून ती जिथे फाकते तिथे थांबून मागून सुरुवात करायची. सोडायची नाहीच. शेजारच्या बाई कुंपणावरून बघत होत्या, त्यांना काय वाटलं कोण जाणे. पण सुतळीने जे काम केलं ते सूचना देऊन झालं नसतं. हात सावकाश जाताना जी रेष शिकतो तीच जोरात जाताना धरतो. थाळीतही हेच होतं, मुली ऐकायच्या नाहीत तो भाग वेगळा.

आता जावयांचं उदाहरण देते. त्यांची परवानगी घेतली आहे. ते नेमाने जिमला जातात, दंड बघावेत असे आहेत. पण चकती जोरात निघायची, वर वर चढायची, हवेत उभी राहायची आणि डावीकडे गळून पडायची. ते म्हणायचे, “आई, जोर कमी पडतोय.” आणखी जोर लावला की आणखी उंच जायची आणि आणखी जवळ पडायची.

मी त्यांच्या मागे उभं राहणं सोडलं आणि पुढे, बास्केटच्या अंगाला, झाडाच्या आडोशाने जाऊन उभी राहिले. इथे चकतीच्या तळावर मार्करने नाव आणि फोन नंबर लिहायची पद्धत आहे, हरवली तर सापडणारा कळवतो. जावयांनी फेकली तेव्हा मला समोरून तो तळ दिसला, काळ्या मार्करच्या ओळीसकट. म्हणजे चकतीची पुढची कड वर होती आणि वाऱ्याला ती अख्खं पोट दाखवत निघाली होती. तेवढ्या एका गोष्टीत सगळं आलं. पुढच्या कडेला इथले लोक नाक म्हणतात. नाक वर असलं की हवा खालून अडवते, चकती चढते, वेग संपतो, मग पडते. जोर वाढवला तर हवाही जास्त अडवणार.

नाक खाली आणायचं म्हणजे चकती खाली फेकायची असा अर्थ बहुतेक जण लावतात आणि पाच पावलांवर जमिनीत घुसवतात. फेकीची दिशा समोर किंवा किंचित वरच ठेवायची, फक्त पुढची कड त्या दिशेपेक्षा जराशी खाली हवी. हे मनगटात आहे. मी जावयांना म्हटलं, “किटलीतून चहा ओतताय असं मनगट झुकवा, अंगठा पुढे आणि खाली. आणि हात मागे नेतानाच ओता, सोडताना नाही.” ते आधी हसले. मग त्यांनी न बोलता पकडही बदलली. चकती तळव्यात आडवी पडली होती ती हाताच्या रेषेत आणली, म्हणजे चकतीची मधली रेष मनगटाच्या पुढे सरळ. पुढची फेक निघाली तेव्हा तिचा आवाजच वेगळा होता. फडफड नाही, नुसती सुऽऽ अशी कापत गेली, आणि नेहमीच्या जागेच्या कितीतरी पुढे, दुसऱ्या पाइनच्या पलीकडे जाऊन टेकली. जोर नेहमीपेक्षा कमीच होता. जावयांनी माझ्याकडे बघितलं, मी दुसरी चकती त्यांच्या हातात दिली.

आपल्या लेखासोबत छापलेला फोटो याच नजरेने पुन्हा पाहावा अशी विनंती आहे. त्यातल्या गृहस्थांच्या हातातली चकती आकाशाकडे तोंड करून आहे. ती कुठे पडली असेल हे मी न बघता सांगू शकते: ओट्यापासून जवळ आणि डावीकडे.

डावीकडेच का, याचंही कारण आहे. उजव्या हाताच्या बॅकहँडने सोडलेली चकती वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. फिरणाऱ्या वस्तूची गंमत अशी की तिला एका बाजूने ढकललं की ती त्या बाजूला न कलता काटकोनात कलते. चकतीचा वेग कमी झाला की हवेचा जोर तिच्या पुढच्या भागाला वर उचलू बघतो. पण चकती फिरत असल्यामुळे पुढून उचलली जाण्याऐवजी तिची डावी कड खाली जाते. म्हणून प्रत्येक फेक शेवटी डावीकडे वळते. वेग भरपूर असताना हवेचा जोर मागच्या भागावर येतो, तेव्हा उलटं होतं आणि ती उजवीकडे कलू बघते. एकाच फेकीत आधी थोडी उजवीकडे आणि मग डावीकडे अशी वळणं येतात ती यामुळे. थाळीही उजव्या हाताची असेल तर घड्याळाच्या दिशेनेच फिरते, तर्जनीवरून सुटते म्हणून. फेकायची पद्धत उलटी, पण फिरकी एकच. हे लक्षात आल्यावर मला त्या चकत्या परक्या वाटेनाशा झाल्या.

वाऱ्याच्या बाबतीत मात्र थाळीचा अनुभव घरी ठेवून यावा. समोरून वारा असला की थाळी जास्त लांब जाते, आम्ही मैदानावर वाऱ्याकडे तोंड मिळावं म्हणून धडपडायचो. 170 ग्रॅमच्या चकतीला समोरचा वारा म्हणजे परीक्षा. तिच्यासाठी वारा आणि वेग एकच, त्यामुळे ती जास्त उजवीकडे उलटू बघते. आणि नाक जरा जरी वर असेल तर सरळ आभाळात. अशा वेळी बाहेरची, म्हणजे डावी कड मुळातच खाली ठेवून सोडायची. त्याला हायझर म्हणतात.

तिसरी गोष्ट मला कुणी सांगितली नाही. त्या मैदानावर टपालखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ येतात. वय माझ्या आसपास, अंगकाठी किरकोळ, गुडघ्याला पट्टा. ते धावत नाहीत, तीन पावलं चालतात, आणि चकती पंचविशीतल्या पोरांच्या पुढे टाकतात. सगळे त्यांच्या हाताकडे बघतात. मीही बघत होते. मग एका पावसानंतरच्या सकाळी माती ओली असताना मी त्यांच्या बुटाकडे बघितलं. उजवा पाय टेकला, टाच मातीत रुतली, आणि तोवर त्यांचा हात मागेच होता. टाच टेकल्यानंतर कंबर, मग खांदा, मग कोपर, सर्वांत शेवटी मनगट. ते पुढे गेल्यावर मी जागा पाहिली. टाचेचा खळगा आणि त्याभोवती बूट फिरल्याचा अर्धगोल, बाकी पाऊल कुठेही घसरलेलं नाही. जोरात धावत येणाऱ्या पोरांच्या पावलांच्या खुणा लांबट, घसरलेल्या. त्यांचा पाय टेकायच्या आत हात सुटलेला असतो, म्हणजे पायाचा जोर चकतीपर्यंत पोचतच नाही. धाव नुसती वाया.

हे थाळीतलंच आहे, फक्त पाय बदललेला. पुढचा पाय खुंटीसारखा रोवला गेला की अंगाचा वेग थांबतो आणि तो हातात जातो. मी मुलींना वर्षानुवर्षं ‘आधी पाय, मग हात’ म्हणून ओरडले. इथे जावई आणि त्यांचे दोन मित्र यांना मी धाव बंद करायला लावली. उभ्याने फेका, मग एका पावलाने, मग तीन. मित्रांपैकी एकाने कुरकुर केली, धावल्याशिवाय अंतर कसं येणार म्हणून. उभ्याने टाकलेली त्याची चकती धावून टाकलेल्या चकतीच्या शेजारी जाऊन पडली तेव्हा तो गप्प झाला. त्यानंतर ते मला ‘कोच’ म्हणतात. कराडला ‘बाई’ म्हणतात, अर्थ तोच.

आता त्या पिशवीचं. प्रत्येक चकतीवर चार आकडे छापलेले असतात: वेग, तरंगणं, सुरुवातीचं उजवीकडे वळणं आणि शेवटचं डावीकडे वळणं. डिस्ट्रॉयर नावाची एक प्रसिद्ध चकती आहे, तिचे आकडे 12, 5, -1, 3. लेपर्डचे 6, 5, -2, 1. नवशिका दुकानात जातो, बारा हा सहापेक्षा मोठा म्हणून डिस्ट्रॉयर उचलतो. पण बारा म्हणजे ती लांब जाते असं नाही. तिला नीट उडायला तेवढा वेग लागतो, असं आहे. तेवढा वेग दिला नाही तर तिच्या नशिबी शेवटचा तीनच उरतो, म्हणजे सुटल्या सुटल्या डावीकडे. मी जावयांच्या पिशवीतून दोनच चकत्या घेतल्या, एक लेपर्ड आणि एक पटर. पटर जवळून बास्केटमध्ये टाकायला असतो, पण मी तो ओट्यावरूनही टाकायचे. जाड कडेचा, संथ. त्याला काही झाकता येत नाही. हात गोल फिरला, नाक वर राहिलं, मनगट थरथरलं, सगळं तो हवेत लटपटून सांगतो. वेगवान चकती ते लपवते.

आणि पटरला कमी लेखू नका. 2021 च्या जागतिक स्पर्धेत, युटामधल्या ऑग्डेनला, शेवटच्या अठराव्या बास्केटवर जेम्स कॉनरॅड हा खेळाडू मॅकबेथपेक्षा एका फेकीने मागे होता. त्याने 247 फुटांवरून, म्हणजे 75 मीटरवरून चकती थेट साखळ्यांत घातली, बरोबरी केली आणि जादा खेळात जगज्जेतेपद जिंकलं. ती चकती ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीची वेगवान चकती, नव्हती, पटरच होता. यूट्यूबवर ती फेक आहे, मालिका बघून झाल्यावर लेखकांनी जरूर बघावी.

बास्केटमध्ये टाकण्याबद्दल फार लिहीत नाही. बास्केटपासून 10 मीटरच्या आत चकती सोडल्यावर तोल सावरल्याखेरीज पुढे पाऊल टाकता येत नाही असा नियम आहे, त्यामुळे तिथे झेप घेऊन भागत नाही. बास्केटकडे बघून टाकू नका, एका कडीकडे बघून टाका. उजव्या हाताच्या खेळाडूने खांबाच्या किंचित उजवीकडची कडी निवडावी, कारण चकती शेवटी डावीकडे येणारच. हात त्या कडीकडे उघडा राहिला पाहिजे, सोडल्यावर मागे ओढायचा नाही. आणि कमी पडू देऊ नका. नवशिक्यांच्या हुकलेल्या चकत्या बहुतेक टोपलीच्या पुढ्यातच पडलेल्या सापडतात. त्या खेळाडूच्या मनातल्या भीतीच्या असतात, हाताच्या नसतात.

बायकांना हे जमत नाही असं कुणी म्हणत असेल तर: 2012 मध्ये शार्लटला मॅकबेथ जिंकला त्याच स्पर्धेत महिलांचं विजेतेपद सारा होकमने घेतलं. तिचा फोरहँड प्रसिद्ध आहे. पेज पिअर्स पाच वेळा जगज्जेती आहे. एस्टोनियाची क्रिस्टिन टाटार 2022 आणि 2023 अशी लागोपाठ दोन वर्षं. माझ्या जावयांच्या दंडाच्या निम्मा दंड असलेल्या मुली त्यांच्या दीडपट अंतर टाकताना मी पाहिल्या आहेत. रेष, नाक, टाच. दंड कुठे आला यात?

आता एक विनंती. आपल्या क्रीडा पानावर रोज निकाल येतात, धावा येतात, कोण कुणाला काय म्हणालं तेही येतं. पण खेळाडूचं कुठे अडलं होतं आणि काय केल्यावर ते सुटलं, हे कधी छापून येत नाही. आपल्या गावोगावच्या शाळांत थाळी, गोळा, भाला शिकवणारे शिक्षक आहेत. पोराने एक गोष्ट बदलली आणि थाळी एकदम पुढे गेली, ही हकिकत त्यांच्यातल्या प्रत्येकाकडे आहे. आठवड्याला एक छापा. फोटोची गरज नाही. छापलाच तर नाक बघून छापा.

मी परत आल्यावर कराडच्या आमच्या ग्रिलवाल्याकडून एक बास्केट करून घेणार आहे. सायकलची जुनी रिम, झोपाळ्याच्या साखळ्या आणि दीड इंची पाइप, एवढंच सामान लागतं. चार-पाच पटर बॅगेतून येतील. एक किलोची थाळी फेकताना समोर कुणी उभं राहू शकत नाही, म्हणून एक मुलगी फेकते आणि बाकीच्या बसून राहतात. इथे पाच जणी एका वेळी, पाच बाजूंनी बास्केटकडे टाकू शकतात. कोणा शाळेच्या शिक्षकांना मोजमापं हवी असतील तर आपल्या दैनिकामार्फत कळवावं, मी कागदावर काढून पाठवीन.

कळावे,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, कराड
(सध्या मुक्काम शार्लट, नॉर्थ कॅरोलायना)

ता. क. : डावखुऱ्या वाचकांनी वर जिथे जिथे डावं लिहिलं आहे तिथे उजवं वाचावं आणि उजवं तिथे डावं, घड्याळाचे काटेही उलटे फिरवावेत. चहाची किटली मात्र तशीच.